संग्रहात नाही

हिम्मतराव वकील त्या दिवशी गोविंदरावांच्या टेबलापाशी थांबले नाहीत. झालं ते एवढंच. छत्री नेहमीसारखी खुर्चीच्या पाठीला अडकवली, रुमालानं मान पुसली, गोविंदरावांकडे बघून मान हलवली आणि ते सरळ खिडकीजवळच्या कोपऱ्यात गेले. तिथं नव्या कॉम्प्युटरसमोर मालनबाई बसल्या होत्या. "मालनबाई, भालकीकडच्या शाळांचं काही आहे का, जरा बघा बरं," असं ते म्हणाले. गोविंदराव अर्धे उठले होते. तीस वर्षांची सवय होती ती. हिम्मतराव आत आले की "हां भाई गोविंद, आज काय खिलवतोस?" असं म्हणायचे. मग गोविंदराव उठायचे, कार्डांच्या कपाटाकडे न बघता थेट मागच्या पुस्तकांच्या घोड्यांकडे जायचे, अंधारात हात घालून नेमकं पुस्तक काढायचे आणि वरची धूळ फुंकरीनं उडवत परत यायचे. आज अर्ध्यावर उठलेल्या शरीराचं काय करायचं ते त्यांना सुचेना. माठाजवळ जाऊन त्यांनी तहान नसताना दोन भांडी पाणी प्यायलं. खाली सुलतान बाजारातला कापडवाला ओरडत होता, बसचा हॉर्न वाजत होता, आणि त्या सगळ्यातून त्यांना कोपऱ्यातला हिम्मतरावांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. "वा! वा! हे कुठून काढलंत?"

हैदराबादमधल्या या मराठी संस्थेच्या ग्रंथालयात एकतीस हजार पुस्तकं होती. मराठी, उर्दू, थोडी तेलुगू. कुठलं पुस्तक कुठं आहे, कुणी दान दिलं, कुठल्या पानावर वाळवी लागली आहे, हे गोविंदरावांच्या डोक्यात होतं. कार्डांची कपाटं त्यांनीच तयार केली होती, पण ती इतरांसाठी. त्यांना स्वतःला कार्ड लागत नसे. आणि मालनबाई देवघेवीच्या खिडकीवर शिक्के मारायच्या. त्यांचा नवरा इथं शिपाई होता. तो वारल्यावर त्याच्या जागी त्या आल्या, त्याला सोळा वर्षं झाली. दहावी पास. माहेर भालकीजवळच्या खेड्यातलं, शेतकऱ्याचं. सोळा वर्षं गोविंदराव म्हणायचे, "मालनबाई, तिसऱ्या घोड्यात, खालून दुसऱ्या फळीवर, डावीकडे," आणि मालनबाई आणून द्यायच्या. या व्यवस्थेत काही कमी आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

मग संस्थेचे सचिव एकनाथराव यांनी कुठून तरी अनुदान मिळवलं. "पुण्यातल्या माणसाला, अमेरिकेतल्या माणसाला घरबसल्या आपलं कॅटलॉग दिसलं पाहिजे," ते म्हणाले. त्या वर्षी शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी हीच भाषा होती. गल्लोगल्ली इंटरनेटच्या पाट्या लागल्या होत्या. गोविंदराव आणि मालनबाई या दोघांना कुकटपल्लीला एका क्लासमध्ये पंधरा दिवस शिकायला पाठवलं. दुपारच्या बसनं जायचं. बायका पुढच्या बाजूला, पुरुष मागं. गोविंदराव दांडीला लोंबकळत उभे असत आणि पुढं गर्दीत मालनबाईंच्या अंबाड्यावरचा मोगऱ्याचा तुकडा दिसे. कुकटपल्ली आली की त्या वळून हात करत. "उतरा साहेब, आलं." सोळा वर्षांत त्यांनी गोविंदरावांना काही सांगायची ती पहिली वेळ असावी. तो हात गोविंदरावांना आवडत नसे, आणि तो झाल्याशिवाय उतरायचं कुठं तेही त्यांना कळत नसे.

क्लासमध्ये शिकवायला रुपाली नावाची बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. मराठी घरातलीच, पण बोलताना चार शब्द तेलुगू, चार इंग्रजी. तिनं माऊस धरायला सांगितला तेव्हा गोविंदरावांनी तो टेबलावरून उचलून हातात घेतला. पडद्यावरचा बाण कुठं तरी नाहीसा झाला. पोरगी हसली नाही, ते जास्त लागलं. मालनबाईंचं मात्र पहिल्या दिवशी काही म्हणजे काही आलं नाही, आणि त्या सारख्या हसत होत्या. "अगं माय, हे कुठं पळायलंय? ए रुपाली, परत एकदा दाव की." दहादा विचारायच्या. गोविंदरावांना एकदाही विचारता आलं नाही. विचारायला तोंड उघडलं की आपण ग्रंथपाल आहोत हे आठवायचं आणि तोंड मिटायचं. चौथ्या दिवशी रुपालीनं एका मोठ्या ग्रंथालयाचं कॅटलॉग उघडून दिलं आणि एक पुस्तक शोधायला सांगितलं. गोविंदरावांनी नियमाप्रमाणे पूर्ण शीर्षक, उपशीर्षक, लेखकाचं आडनाव आधी, स्वल्पविराम, मग नाव, असं एकेक अक्षर शोधून घातलं. काही आलं नाही. मालनबाईंनी कसाबसा एक शब्द घातला आणि पुस्तक समोर आलं. "तुम्ही काय केलंत?" त्यांनी न राहवून विचारलं. "काय न्हाई. पूर्ण येईना, म्हणून येवढंच लिवलं," मालनबाई म्हणाल्या.

पुढं सगळं असंच होत गेलं. ग्रंथालयात कॉम्प्युटर आला, टेलिफोनच्या तारेतून किंचाळत इंटरनेट जोडलं जाऊ लागलं, आणि एकेक कार्ड वेब कॅटलॉगात भरायचं काम मालनबाईंकडे गेलं. मराठी अक्षरं त्यात नीट उमटत नसत, म्हणून मराठी नावं रोमन अक्षरांत लिहायची. गोविंदरावांनी लिप्यंतराचे नियम टाइप करून दिले. मालनबाई नियमाप्रमाणे एकदा लिहायच्या आणि खाली सूचक शब्दांच्या रकान्यात तेच नाव आणखी तीन तऱ्हांनी लिहायच्या. 'शाळा' एका 'ए'नं, दोन 'ए'नी, 'एल'च्या जागी 'आर' घालूनसुद्धा. "हे काय अशुद्ध लिहून ठेवलंय?" गोविंदराव म्हणाले. "लोक अशुद्धच लिहितेत की साहेब," मालनबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मीबी अशुद्धच लिहिते. शोधणारा कुठं चुकंल ते मला ठावं हाय." ही गोष्ट तीस वर्षांत आपल्याला सुचली नाही, हे गोविंदरावांना त्याच क्षणी कळलं होतं. घरी बायकोनं, रजनीनं, ताट वाढलं तेव्हा ते म्हणाले, भूक नाही, पोट बिघडलंय. रजनीनं त्यांच्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "ऑफिसात कुणाचं काही चांगलं झालं का?"

या दिवसांत त्यांना वडील फार आठवायचे. वडील निजामाच्या महसूल खात्यात मुहाफिज, म्हणजे दफ्तराचे राखणदार, होते. दफ्तरखान्यातला प्रत्येक उर्दू कागद त्यांना माहीत असे, आणि मोठमोठे अंमलदार त्यांच्यासाठी ताटकळत. मग पोलीस ॲक्शन झाली, आंध्र झालं, किनाऱ्याकडचे तरुण कारकून आले, इंग्रजी टिपणं आली, तेलुगू अर्ज आले. वडील पन्नाशीचे होते. संध्याकाळी गच्चीत बसून ते बोटानं हवेत तेलुगू अक्षरं काढत. गोल, गोल, आणि वर शेपूट. आठ-नऊ वर्षांचा गोविंद शाळेत तेलुगू शिकत होता. एकदा तो म्हणाला, "बाबा, उलटं काढताय तुम्ही." वडिलांनी बोट थांबवलं, मांडीवर ठेवलं आणि पुन्हा कधी ते त्याच्यासमोर उचललं नाही. त्या वेळी गोविंदला हसू आलं होतं. आता चोपन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरसमोरून जाताना गोविंदरावांना ते हसू आपल्याच पाठीवर कुणी तरी ठेवल्यासारखं वाटायचं. वडिलांना मत्सर वाटत असेल का, त्या किनाऱ्याकडच्या पोरांचा? की फक्त दुःखच? दुःख असतं तर बरं होतं. दुःखात माणूस थोडा मोठा तरी दिसतो.

ती कार्डं त्यांनी कधी काढली, ते त्यांना तारखेसह सांगता आलं असतं. कार्डांचा एकेक खण उघडून मालनबाईंच्या टेबलावर ठेवायचं काम तेच करत. मार्चमधल्या एका बुधवारी 'श'चा खण नेताना एक कार्ड त्यांनी बोटांनी वर ओढलं आणि खिशात टाकलं. त्याच महिन्यात एका जुन्या घराण्यानं कागदांचं गाठोडं दान दिलं होतं. त्यात दत्तोबा मास्तरांची हस्तलिखित वही होती. निजामाच्या काळात भालकीला एका गोठ्यात चालवलेल्या मराठी शाळेची हजेरी, आणि हजेरीखाली मास्तरांची रोजची टिपणं. हिम्मतराव त्या शाळेत शिकले होते. अशा शाळांवरच ते पुस्तक लिहीत होते, आणि ही वही जगात कुठं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. गोविंदरावांनी पावती दिली, दाखल नोंदवहीत नोंद केली, कार्डही सुवाच्य अक्षरात केलं. मग त्यांना ते दृश्य दिसलं. हिम्मतराव पुस्तकातल्या भालकीच्या प्रकरणापाशी आले आहेत. मालनबाई शोधताहेत, काही सापडत नाही. हिम्मतराव हताश होऊन वळतात. आणि आपण उठतो. "यंत्राला नाही सापडलं? थांबा." त्या 'थांबा'साठी त्यांनी ते कार्ड काढलं. नंतर सवय लागली. एका पाकिटात सतरा कार्डं जमली. त्यांतल्या दोन पुस्तकांच्या बाबतीत तसं घडलंही. एका प्राध्यापकानं मालनबाईंच्या देखत म्हटलं, "शेवटी गोविंदरावच हवेत हो." मालनबाई म्हणाल्या, "तर हो, साहेबांचं डोस्कं म्हंजे काय." त्यांच्या आवाजात खोच नव्हती. गोविंदरावांनी आवाजाच्या तळापर्यंत जाऊन शोधली, पण नव्हती.

हिम्मतराव मात्र ते प्रकरण लिहिताना ग्रंथालयात आलेच नाहीत. दिवाळीनंतर ते पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. सिकंदराबादला मुलाच्या घरी अंथरुणावरून ते सुनेकडून ई-मेल लिहवून घेत आणि मालनबाई उत्तरं पाठवत. ती पत्रं गोविंदरावांनी कधी पाहिली नाहीत. कोपऱ्यात मालनबाई हसत काही तरी वाचताहेत एवढं दिसलं, की ते मुद्दाम नोंदवहीत डोकं घालत. वकील बरे झाले की येतील, मग वही देऊ, असं त्यांनी धरलं होतं. वकील आले नाहीत. जूनमध्ये त्यांचं छापील पुस्तक आलं. गोविंदरावांनी ते उभ्याउभ्याच चाळलं. एकशे बाराव्या पानावर वाक्य होतं : 'दत्तोबा मास्तरांची टिपणे दुर्दैवाने नष्ट झाली असावीत. हैदराबादच्या ग्रंथालयात कसून शोध करविला, ती संग्रहात नाहीत असे कळले.'

आठवड्यानं दान देणाऱ्या घरचे लोक पावती घेऊन एकनाथरावांकडे आले. आम्ही आजोबांची वही दिली आणि पुस्तकात तुमच्याच ग्रंथालयाचा हवाला देऊन ती नष्ट झाली म्हणून छापलंय? एकनाथरावांनी दोघांना बोलावलं. "वहीची नोंद झाली होती का?"

"दाखल नोंदवहीत आहे," गोविंदराव म्हणाले. "कार्डही केलं होतं."

दोन्ही वाक्यं खरी होती. एकनाथराव मालनबाईंकडे वळले. "मग कॉम्प्युटरवर का नाही?"

मालनबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "माझ्याकडूनच राहिलं असंल," त्या म्हणाल्या.

"असं आणखी किती राहिलंय? तुम्ही 'नाही' म्हटलंत की जगासाठी ते पुस्तक नाही, मालनबाई! हे देवघेवीचे शिक्के नव्हेत."

गोविंदरावांना त्या क्षणी सुख झालं. हे त्यांनी पुढं स्वतःशी कधी नाकारलं नाही. तहानेल्या माणसाला होतं तसं, छातीतून खाली उतरणारं सुख. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते संपलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

त्यानंतर मालनबाई हसायच्या थांबल्या. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या दाखल नोंदवही घेऊन बसत आणि एकेका क्रमांकावर बोट ठेवून कॉम्प्युटरवर पडताळत. कुणी काही विचारलं की एकदा बघून त्यांचा विश्वास बसत नसे. दोनदा, तीनदा बघत, आणि शेवटी म्हणत, "साहेबांस्नी विचारा." लोक पुन्हा गोविंदरावांच्या टेबलाशी येऊ लागले. जे हवं होतं ते सगळं मिळत होतं. गोविंदराव उठत, पुस्तक आणून देत, आणि परत येताना कोपऱ्याकडे न बघण्यासाठी त्यांना मान आखडून धरावी लागे. एका सकाळी मालनबाईंच्या नाकावर नवा चष्मा होता. तो सारखा घसरायचा.

दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती. मालनबाई सुट्टीलाही येऊन बसतात हे गोविंदरावांना कळलं होतं. दुपारी ते ग्रंथालयात गेले, दार उघडंच होतं. दोन घोड्यांच्या मधे फरशीवर मालनबाई बसल्या होत्या, मांडीवर नोंदवही, भोवती पुस्तकांचे ढीग. त्यांना पाहून त्या उठू लागल्या.

"बसा," गोविंदराव म्हणाले आणि स्वतः समोर खाली बसले. खिशातलं पाकीट काढून त्यांच्यापुढं ठेवलं. "तुमच्याकडून काही राहिलेलं नाही. ही कार्डं मी काढून घेतली होती. सतरा आहेत. वहीचंही त्यात आहे."

मालनबाईंनी पाकीट उघडलं. एकेक कार्ड वाचलं, अगदी सावकाश. नोंदवहीत त्यांनी पेन्सिलीनं सात-आठ ठिकाणी फुल्या केल्या होत्या. त्या फुल्यांशी क्रमांक जुळवून बघितले. मग चष्मा काढला.

"का?" त्यांनी विचारलं.

पाठ करून आणलेलं उत्तर होतं. ते बाजूला ठेवून गोविंदराव म्हणाले, "लोक तुमच्याकडे यायला लागले म्हणून."

मालनबाई बोलल्या तेव्हा आवाज रोजचाच होता, आणि म्हणूनच तो ऐकवेना. "माझ्या आईचं असंच झालतं. आधी वस्तू विसरायली, मग माणसं. शेवटाला मलाच म्हनायली, कोन गं तू? मला वाटलं माझंबी डोस्कं चाललं. डोळे तपासून आले, डोळ्यांनी असंल म्हणून. अकरा दिवस झाले साहेब. गॅस बंद केला का न्हाई, ते तीन-तीनदा उठून बघायलेय मी." त्यांनी कार्डं पाकिटात घातली आणि पाकीट स्वतःकडे ठेवलं. "माफी मागू नका. तुमी मोठे हाव, माफी मागितली की मला व्हय म्हणावं लागंल. सोमवारी एकनाथरावांस्नी सांगा. माझ्यासमोर सांगा. चिठ्ठी नको." आणि पुस्तकांचे ढीग तसेच टाकून त्या जिना उतरून गेल्या. गोविंदरावांनी ती सगळी पुस्तकं जागच्या जागी लावली. एकही जागा त्यांना आठवावी लागली नाही.

सोमवारी त्यांनी सांगितलं. एकनाथराव ओरडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "तुम्हीसुद्धा, गोविंदराव?" आणि मग कामाचं बोलले. वेब कॅटलॉग यापुढं पूर्णपणे मालनबाईंच्या हाताखाली. ही सतरा कार्डं गोविंदरावांनी स्वतः भरायची, त्या तपासतील. आणि वही घेऊन वकिलांकडे आजच जायचं.

सिकंदराबादला वकिलांच्या सुनेनं, चारुलतानं, दार उघडलं. हिम्मतराव पलंगावर उशांना टेकून बसले होते. गोविंदरावांनी वही दिली आणि सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ऐकताना वकील वहीची पानं उलटत होते. एका पानावर थांबले. "हे बघ. श्रावण शुद्ध पंचमी. हिम्मत, गैरहजर. खाली मास्तर लिहितात, मुलगा हुशार आहे, पण नदीवर असतो." त्यांच्या गालांची कातडी हलली. हसू होतं की काय, ते समजलं नाही. वही छातीवर उघडी ठेवून त्यांनी डोळे मिटले. "चाळीस साल वकिली केली भाई. कागद दाबून ठेवणारे पुष्कळ पाहिले. पण ज्याला द्यायचा त्यालाच मोठ्या झोकात देता यावा म्हणून दाबणारा तू पहिला." थोड्या वेळानं म्हणाले, "दुसरी आवृत्ती काही मी बघत नाही. वही चार दिवस राहू दे. चारुलता वाचून दाखवेल." बस स्टॉपवर उभं असताना गोविंदरावांच्या लक्षात आलं, वकिलांनी आज एकदाही त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

वहीची नोंद करायला त्यांना पाऊण तास लागला. एका बोटानं. मधे एकदा सगळंच नाहीसं झालं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि ते म्हणाले, "मालनबाई, हे गेलं कुठं?" म्हणायला फार वेळ लागला नाही. मालनबाई आल्या, उभ्या राहिल्या. "आधी तुमी काय दाबलं ते आठवा," त्या म्हणाल्या. गोड बोलल्या नाहीत. पूर्वीसारख्या त्या आता बोलत नसत, आणि ते बरोबरच होतं. सूचक शब्दांच्या रकान्यात गोविंदरावांनी 'शाळा' एका 'ए'नं लिहिलं, दोन 'ए'नी लिहिलं, मग 'आर' घालून लिहिलं. लिहिताना डावा हात आपोआप तोंडावर गेला, चूक करताना कुणी पकडल्यासारखा.

सतरा नोंदी दीड महिन्यात झाल्या. पोट मात्र दुखायचं थांबलं नाही. कुणी दारातून येऊन सरळ कोपऱ्याकडे वळलं की पुन्हा तेच होई, अगदी पहिल्या दिवसासारखं. आपण कबूल केलं म्हणजे हे जाईल अशी त्यांची समजूत होती. ते गेलं नाही. त्याच्यासकट उठायचं, शर्ट घालायचा, बस पकडायची.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मालनबाई फाटलेल्या पुस्तकांना खळ लावत बसल्या होत्या, म्हणून कॉम्प्युटरवर गोविंदराव होते. धारवाडच्या एका प्राध्यापक बाईंचं पत्र आलं होतं. रोमन अक्षरांतलं मराठी, चुकतमाकत. 'दत्तोबा मास्तरांच्या वहीची नोंद सापडली. मी नाव चुकीचं लिहिलं होतं तरी सापडली. अशी नोंद मी दुसरीकडे पाहिली नाही. तुमच्याकडे मालनबाई म्हणून आहेत असं ऐकलं, हे काम त्यांचंच असणार. त्यांना माझा नमस्कार.' गोविंदरावांनी पत्र दोनदा वाचलं. ती नोंद त्यांची होती. पाऊण तास, एका बोटानं. पुसायचं कसं ते आता त्यांना येत होतं. उजवीकडचं एक बटण, मग पडदा एकदा विचारतो, खरंच पुसू का, की मग दुसरं. खोलीत चौघे वाचक होते. पंख्याखाली एका वर्तमानपत्राचा कोपरा हलत होता.

"मालनबाई," ते म्हणाले, "तुम्हाला पत्र आहे."

"वाचा की मोठ्यानं. माझे हात खळीत हाईत."

त्यांनी वाचलं. मालनबाईंच्या नावापाशी ते थांबले. मग त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं, वाचकांनी माना वर करून बघण्याइतक्या मोठ्यानं.

मालनबाई खळीचे हात हवेत धरून ऐकत होत्या. "पण वहीची नोंद तर तुमी केलती," त्या म्हणाल्या.

"हौ."

"मग तसं कळवा त्या बाईंना. खोटं कशापायी?"

गोविंदराव पडद्याकडे वळले. एकेक अक्षर शोधत त्यांनी उत्तर लिहिलं, वाचून पाहिलं, एक चूक सुधारली आणि पाठवलं.

"कळवलं का?" मागून मालनबाईंनी विचारलं.

"कळवलं," ते म्हणाले. त्यांनी लिहिलं होतं : 'आपला नमस्कार मालनबाईंना पोचवला. ही पद्धत त्यांचीच.' पोटात दुखतच होतं. त्यांनी पुढचं पत्र उघडलं.